‘गेमबॉय’चा शिल्पकार : गुनपेई योकोई

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना टीव्हीला जोडावयाचा व्हिडिओ गेम आठवत असेल. त्यासोबत येणाऱ्या ‘कॅसेट’वर शेकडो खेळांचा आकडा छापलेला असे, प्रत्यक्षात दहा-वीस खेळच नावे बदलून पुन्हा पुन्हा समोर येत. हा संच म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल होती आणि आतले ‘मारिओ’ वा ‘काँट्रा’देखील बहुधा विनापरवाना उतरवलेले असत. जत्रेत आणि रेल्वे स्टेशनांबाहेर मिळणारा, वरून पडणाऱ्या विटा रचण्याचा ‘ब्रिक गेम’ही असाच कुणाच्या तरी मूळ कल्पनेची स्वस्त छाया होता. मात्र ती मूळ कल्पना कुणाची, हा प्रश्न त्या वयात कुणाला पडला नाही. टीव्ही गेमच्या रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली येणारे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण आणि हातात मावणारा उभा खेळ, या दोन्ही गोष्टींचा माग काढत गेल्यास तो जपानमधील क्योतो शहरातील एका अभियंत्यापाशी जाऊन थांबतो. त्यांचे नाव गुनपेई योकोई.

पत्त्यांच्या कारखान्यातील अभियंता

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योतोमध्ये झाला. तेथील दोशिशा विद्यापीठातून त्यांनी विद्युत शाखेची पदवी घेतली. विद्यार्थी म्हणून ते फारसे चमकले नाहीत. मोठ्या विद्युत कंपन्यांकडे केलेले अर्ज फळाला आले नाहीत. अखेर १९६५ मध्ये त्यांनी गावातच असलेल्या निन्टेंडोत नोकरी धरली. निन्टेंडो तेव्हा खेळण्यातील पत्ते बनविणारी कंपनी होती. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचा ‘हानाफुदा’ हा फुलांच्या चित्रांचा पत्त्यांचा जोड जपानमध्ये घरोघरी माहीत होता. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल एवढेच योकोई यांचे काम होते. यंत्रे नीट चालत असली की त्यांच्या हाताला उद्योग उरत नसे.

कंपनीचे दिवस त्या काळी बरे नव्हते. संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची हे १९४९ पासून अध्यक्षपदी होते. पत्त्यांच्या धंद्याला मर्यादा आहेत हे ओळखून त्यांनी टॅक्सी सेवेपासून झटपट शिजणाऱ्या भातापर्यंत अनेक उद्योग करून पाहिले होते. त्यांतला एकही टिकला नाही. अशा वेळी कारखान्यात फेरी मारताना त्यांच्या नजरेला या तरुण अभियंत्याने विरंगुळा म्हणून केलेली एक वस्तू पडली. इमारतींच्या लोखंडी सरकत्या जाळीच्या दरवाजासारख्या फुल्यांच्या पट्ट्या, एका टोकाला दोन मुठी आणि दुसऱ्या टोकाला पकड. मुठी जवळ आणल्या की हात लांब होई आणि दूरची वस्तू पकडता येई. अध्यक्षांचे बोलावणे आले, तेव्हा कामाच्या वेळेत खेळत बसल्याबद्दल बोलणी खावी लागणार, अशी योकोई यांची समजूत झाली. मिळाला तो मात्र ही वस्तू विक्रीयोग्य करण्याचा आदेश. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ती बाजारात आली आणि तिचे दहा लाखांहून अधिक नग खपले. यंत्रांना तेल घालणारा अभियंता खेळण्यांचा रचनाकार झाला आणि पत्त्यांच्या कंपनीला नवी वाट सापडली.

मुरलेले तंत्र, आडवा विचार

पुढील काही वर्षांत योकोई यांनी केलेली खेळणी पाहिली की त्यांच्या विचाराची जात कळते. १९६९ च्या ‘लव्ह टेस्टर’मध्ये दोघांनी एकमेकांचा हात धरायचा आणि मोकळ्या हातांत धातूचे गोळे घ्यायचे. अंगातून जाणारा क्षीण विद्युतप्रवाह मोजून काटा हलत असे आणि त्यावरून म्हणे प्रेमाची मात्रा ठरे. आतमध्ये साध्या विद्युतमापकापलीकडे काहीही नव्हते. मुलींचा हात धरण्यासाठी निमित्त हवे होते म्हणून हे खेळणे सुचले, असे योकोई पुढे गमतीने सांगत.

१९७२ मध्ये त्यांनी रेडिओ-नियंत्रित मोटार काढली. अशा मोटारी त्या वेळी महाग असत, कारण प्रत्येक हालचालीसाठी वेगळी वाहिनी आणि वेगळे सुटे भाग लागत. योकोई यांनी एकच वाहिनी ठेवली. त्यांची मोटार सरळ जाई आणि बटण दाबले की डावीकडे वळे. उजवीकडे वळण्याची सोयच नव्हती. शर्यतीच्या गोल मैदानावर मोटारींना एकाच दिशेला वळावे लागते, मग दुसऱ्या दिशेचा खर्च कशासाठी, असा हा हिशेब. किंमत उतरली आणि जी मोटार मुलांनी दुकानाच्या काचेआडूनच पाहिली असती, ती त्यांच्या हातात आली.

या पद्धतीला योकोई यांनी पुढे एक नाव दिले. त्याचा मराठीत आशय सांगायचा तर ‘मुरलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’ असा होईल. मुरलेले तंत्रज्ञान म्हणजे ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक झाले आहेत, जे भरपूर प्रमाणात बनते आणि म्हणून स्वस्त झाले आहे, असे तंत्र. आडवा विचार म्हणजे ते ज्या कामासाठी जन्मले ते सोडून भलत्याच कामाला त्याला जुंपणे. नव्या शोधामागे धावणाऱ्या कंपन्यांची किंमतीच्या चढाओढीत दमछाक होते, खेळण्याच्या धंद्याला ते परवडत नाही, अशी त्यांची धारणा होती.

या धारणेला तडा देणारे अनुभवही आले. ‘शार्प’ कंपनीचे सौरघट विकण्यासाठी येणारे मासायुकी उएमुरा यांच्या साहाय्याने त्यांनी प्रकाशावर चालणारी खेळण्यातील बंदूक तयार केली. उएमुरा पुढे निन्टेंडोतच आले. याच तत्त्वावर १९७३ मध्ये ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत नेमबाजीची मोठी केंद्रे उभारण्याचा घाट कंपनीने घातला. त्याच वर्षी तेलसंकट कोसळले, मागण्या धडाधड रद्द झाल्या आणि निन्टेंडोवर कर्जाचा डोंगर उभा राहिला. त्याखालून बाहेर पडायला कंपनीला पुढची काही वर्षे लागली.

आगगाडीतील कॅल्क्युलेटर

सुटकेचा मार्ग सापडला तो शिनकान्सेन या वेगवान आगगाडीत. एका प्रवासात योकोई यांना समोरचा नोकरदार प्रवासी खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाचच दाबत बसलेला दिसला. त्याला हिशेब करायचा नव्हता, वेळ घालवायचा होता. मोठ्या माणसांनाही चारचौघांत, कुणाच्या नजरेत न येता खेळता येईल अशी छोटी वस्तू हवी आहे, हे योकोई यांनी हेरले.

ती कल्पना अध्यक्षांपर्यंत पोहोचली तीही योगायोगाने. यामाउची यांचा चालक आजारी पडल्याने, डाव्या बाजूला सुकाणू असलेली परदेशी गाडी चालविण्याची सवय असलेल्या योकोई यांना एके दिवशी त्यांना बैठकीला घेऊन जावे लागले. वाटेत बोलण्याच्या ओघात त्यांनी हा विषय काढला. अध्यक्षांनी तेव्हा काही प्रतिसाद दिला नाही. परंतु त्या बैठकीत त्यांची गाठ पडली ती शार्पच्या प्रमुखांशी, आणि काही दिवसांतच शार्पची माणसे योकोई यांच्या दारात हजर झाली.

शार्प आणि कॅसिओ यांच्यात तेव्हा कॅल्क्युलेटरच्या किमतींवरून जुंपली होती. त्या स्पर्धेत एलसीडी पडदे आणि छोट्या चिप अतिशय स्वस्त झाल्या होत्या. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर आठ या आकड्याचे सात तुकडे काचेवर आधीच कोरलेले असतात. चिप फक्त हवे ते तुकडे काळे करते. योकोई यांनी आकड्यांच्या जागी माणसाचे हात, पाय आणि चेंडू कोरले. एप्रिल १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ मालिकेतला ‘बॉल’ हा पहिला खेळ आला. कोपऱ्यात घड्याळही असल्याने वस्तू अगदीच निरुपयोगी ठरत नव्हती. १९९१ पर्यंत या मालिकेचे ४ कोटी ३४ लाख नग खपले. निन्टेंडोचे कर्ज त्यातून फिटले आणि पुढच्या उड्डाणासाठी भांडवल हाती आले.

१९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ या खेळाची गेम अँड वॉच आवृत्ती करताना नवी अडचण आली. मूळ यंत्रात दिशा देण्यासाठी उभा दांडा होता. खिशात ठेवायच्या वस्तूला दांडा कसा बसवणार? चार स्वतंत्र बटणे दिली तर अंगठ्याला ती न पाहता सापडत नाहीत. योकोई यांनी चारही दिशा एका सपाट, अधिक चिन्हाच्या आकाराच्या बटणात गुंफल्या. मध्यभागी टेकू असल्यामुळे एक बाजू दबली की विरुद्ध बाजू उचलली जाई आणि कोणती दिशा दाबली हे अंगठ्यालाच कळे. पुढच्याच वर्षी आलेल्या फॅमिकॉमने हे बटण उचलले आणि तेव्हापासून या ना त्या रूपात ते सर्व कंपन्यांच्या खेळयंत्रांवर आले.

‘डाँकी काँग’ या मूळ खेळाशीही योकोई यांचा संबंध होता. १९८१ मध्ये अमेरिकेत न खपलेल्या खेळयंत्रांसाठी नवा खेळ रचण्याचे काम यामाउची यांनी शिगेरु मियामोतो या तरुण चित्रकाराकडे सोपविले आणि त्यावर देखरेखीसाठी योकोई यांना नेमले. मारिओ हे पात्र जन्मले ते याच खेळात. मियामोतो पुढे जगद्विख्यात झाले. योकोई यांचे नाव कंपनीबाहेर फारसे कुणाला कळले नाही.

मॉस्कोतील नक्कल आणि मॉस्कोतील देणगी

जी वस्तू सर्वत्र मिळणाऱ्या साध्या भागांतून बनते, तिची नक्कलही कुणालाही करता येते. गेम अँड वॉच लोकप्रिय होताच नकलांचे पीक आले. त्यातील सर्वांत गाजलेली नक्कल सोव्हिएत संघात झाली. निन्टेंडोच्या १९८१ च्या ‘एग’ या खेळात कोंबड्यांच्या खुराड्यांतून घरंगळणारी अंडी टोपलीत झेलायची होती. १९८४ मध्ये ‘इलेक्त्रोनिका’ या सरकारी छापाखाली हाच खेळ सोव्हिएत दुकानांत आला. त्यावर एका लोकप्रिय रशियन व्यंगपटातील लांडगा होता. निन्टेंडोची परवानगी घेण्याचा प्रश्नच नव्हता. हजार गुण झाले की पडद्यावर तो व्यंगपट दिसतो, अशी अफवा तिथल्या मुलांत पसरली होती. काचेवर कोरलेल्या आकृत्यांखेरीज त्या पडद्यावर काहीही दिसणे शक्य नव्हते, पण अफवा टिकली.

दैवाचा खेळ असा, की त्याच छापाच्या ‘इलेक्त्रोनिका ६०’ या संगणकावर १९८४ मध्ये मॉस्कोतील संशोधक अलेक्सेई पाजित्नोव यांनी ‘टेट्रिस’ रचला. हा खेळही प्रथम पसरला तो फुकट उतरविलेल्या प्रतींतून, एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर. त्याचे हक्क नेमके कुणाकडे, यावरून पुढे अनेक देशांतील कंपन्यांत मोठा झगडा झाला. हेन्क रॉजर्स हे व्यावसायिक १९८९ च्या फेब्रुवारीत मॉस्कोला जाऊन थडकले आणि हातातील यंत्रांसाठीचे हक्क त्यांनी मिळविले. निन्टेंडोच्या अमेरिकन शाखेला त्यांनी पटवून दिले, की नव्या यंत्रासोबत हाच खेळ द्यावा. ते नवे यंत्र म्हणजे योकोई यांच्या विभागाचा ‘गेमबॉय’. ज्या देशाने त्यांच्या खेळाची नक्कल केली, त्याच देशातून त्यांच्या सर्वांत मोठ्या यशाचा जोडीदार आला.

हिरवट पडद्याचा विजय

गेमबॉय जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी १२,५०० येन किमतीला विक्रीस आला. त्याचे सारे श्रेय एकट्या योकोई यांना देणे न्याय्य होणार नाही. गेम अँड वॉचसारखेच साधे, अल्पायुषी खेळणे करावे असा त्यांचा मूळ कल होता. खेळांच्या कॅसेट बदलता येतील असे, वर्षानुवर्षे टिकणारे यंत्र हवे, हा आग्रह त्यांचे सहकारी सातोरु ओकादा यांनी धरला आणि अखेर योकोई यांनी तो मान्य केला. पडद्यानेही मोठी परीक्षा पाहिली. आधी निवडलेला पडदा अगदी समोरूनच दिसे. जरा बाजूने पाहिले की काही दिसत नसे. यामाउची यांनी तो फेटाळला आणि प्रकल्पच गुंडाळला जाण्याची वेळ आली. अधिक चांगल्या प्रकारचा पडदा मिळेपर्यंतचे दिवस योकोई यांना फार जड गेले.

अखेर जे यंत्र बाजारात आले ते कागदावर प्रतिस्पर्ध्यांपुढे फिके होते. पडद्यावर हिरवट करड्या रंगाच्या चारच छटा, मागे दिवा नाही, प्रोसेसर सत्तरच्या दशकातील रचनेवर बेतलेला. त्याच वर्षी आलेल्या अटारीच्या ‘लिंक्स’चा आणि पुढच्या वर्षीच्या सेगाच्या ‘गेम गिअर’चा पडदा रंगीत आणि उजळ होता. मात्र सहा पेन्सिल सेल घालूनही ती यंत्रे चार-पाच तासांत मान टाकीत. गेमबॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ९० डॉलर होती, तर लिंक्सची त्याच्या दुप्पट. मुलांच्या खाऊच्या पैशांतून सेल विकत घ्यावे लागतात आणि मुलांच्या हातून वस्तू खाली पडते, या दोन गोष्टी योकोई यांनी रंगांपेक्षा महत्त्वाच्या मानल्या. आखाती युद्धात आगीत होरपळून काळवंडलेला, तरीही चालू स्थितीतला एक गेमबॉय न्यूयॉर्कमधील निन्टेंडोच्या दालनात अनेक वर्षे मांडून ठेवलेला होता. गेमबॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक नग विकले गेले.

अठ्ठेचाळीस बाइटचे कुलूप

स्वस्त आणि सर्वांना परिचित असलेल्या भागांच्या यंत्राला चोरांपासून सांभाळायचे कसे, हा प्रश्न गेमबॉयच्या वेळी निन्टेंडोपुढे होताच. टीव्हीला जोडायच्या यंत्रात कंपनीने खास कुलूपचिप बसविली होती. गेमबॉयमध्ये त्या खर्चाला फाटा देण्यात आला. यंत्र सुरू केले की ‘निन्टेंडो’ हे नाव पडद्यावर वरून हळूहळू खाली उतरते, हे दृश्य अनेकांच्या स्मरणात असेल. ती केवळ शोभा नव्हती. ते नाव यंत्रातून येत नसे, कॅसेटमधून येई. नावाच्या चित्राचे ४८ बाइट यंत्र आपल्याजवळील नमुन्याशी ताडून पाही आणि फरक आढळला तर पुढे जाण्यास नकार देई. विनापरवाना कॅसेट चालवायची तर तिच्यात निन्टेंडोचे नाव घालावे लागे आणि तसे केले की नोंदणीकृत बोधचिन्ह वापरल्याचा दावा ठोकता येई. कुलूप यंत्रात थोडे आणि कायद्यात अधिक होते.

चोरट्यांनी त्यातूनही वाट काढली. यंत्र कॅसेटमधील नाव दोनदा वाचते, एकदा दाखविण्यासाठी आणि एकदा ताडण्यासाठी, हे त्यांनी हेरले. पहिल्या वाचनाला आपले नाव आणि दुसऱ्या वाचनाला निन्टेंडोचे नाव पुढे करणाऱ्या कॅसेट त्यांनी बनविल्या. आशियाच्या बाजारांत बनावट कॅसेटचा सुळसुळाट झाला. या व्यवहारात खेळ रचणाऱ्यांच्या पदरी काही पडले नाही, हे विसरता येत नाही. आपल्याकडे मुलांच्या हाती जे खेळ आले त्यांचीही तीच कथा होती.

नव्वदच्या दशकात संगणकावर गेमबॉयची हुबेहूब नक्कल करणारे ‘एम्युलेटर’ प्रोग्रॅम आले. प्रोसेसर जुन्या धाटणीचा आणि सर्वज्ञात असल्याने हे काम तुलनेने सोपे होते. यंत्राच्या पोटातील तो ताडून पाहणारा २५६ बाइटचा प्रोग्रॅम मात्र अनेक वर्षे कुणाच्या हाती लागला नव्हता. २००३ मध्ये एका हौशी अभ्यासकाने चिपचे आवरण काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील एकेक बिट वाचला. पण तोवर हे सारे पाहायला योकोई राहिले नव्हते.

लाल अपयश

गेमबॉयनंतर योकोई यांना रुळलेल्या वाटेपासून दूर जाण्याची ओढ लागली. मॅसॅच्युसेट्समधील एका कंपनीने लाल दिव्यांची रांग आणि वेगाने हलणारा आरसा यांच्या साहाय्याने डोळ्यांसमोर चित्र उभे करण्याचे तंत्र विकसित केले होते. त्यातून ‘व्हर्च्युअल बॉय’ साकारला. लाल रंग निवडण्यामागे जुनाच हिशेब होता. लाल दिवे स्वस्त होते आणि वीज कमी खात. परंतु काळ्या पार्श्वभूमीवर नुसत्या लाल रेषांचे खोली असलेले चित्र दीर्घ काळ पाहण्याचा माणसाच्या डोळ्यांना सराव नव्हता. डोक्यावर बांधायचे यंत्र सुरक्षिततेच्या चिंतेपोटी मेजावरच्या तिकाटण्यावर गेले आणि खिशातला खेळ करणाऱ्या माणसाच्या हातून मान वाकवून पाहावे लागणारे यंत्र तयार झाले.

कंपनीचे लक्ष तेव्हा ‘निन्टेंडो ६४’ या पुढच्या यंत्राकडे लागले होते. व्हर्च्युअल बॉय जुलै १९९५ मध्ये बाजारात आला आणि जपानमध्ये वर्ष संपण्यापूर्वीच मागे घेतला गेला. डोके दुखते, डोळे शिणतात, अशा तक्रारी आल्या. जगभरात आठ लाखांच्या आतच नग खपले.

१५ ऑगस्ट १९९६ रोजी, ३१ वर्षांच्या सेवेनंतर योकोई यांनी निन्टेंडो सोडली. त्या अपयशाची शिक्षा म्हणून त्यांना बाहेर काढले, अशी वदंता पसरली आणि ती आजही पुन्हा पुन्हा छापली जाते. योकोई यांनी स्वतः ती नाकारली होती. पन्नाशीच्या सुमारास स्वतंत्र व्हावे, हे आपण आधीच ठरविले होते, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनी सोडण्यापूर्वी त्यांनी आटोपशीर ‘गेमबॉय पॉकेट’ पूर्ण करून दिला. ज्याला हाकलले आहे तो माणूस असे निगुतीने काम पुरे करून जाईल, हे संभवत नाही.

अर्ध्यावरचा डाव

क्योतोमध्येच त्यांनी ‘कोतो’ ही छोटी कंपनी काढली. ‘बांदाई’ या खेळणी बनविणाऱ्या कंपनीसाठी त्यांनी नव्या यंत्राची आखणी सुरू केली. ते आडवेही धरता येणार होते आणि उभेही. पुन्हा करडा पडदा, पुन्हा अल्प किंमत आणि या वेळी केवळ एका पेन्सिल सेलवर चालण्याची कल्पना. आपल्याच गेमबॉयला आपणच स्पर्धक उभा करण्याचा हा डाव होता.

तो अर्ध्यावर राहिला. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी योकोई एका परिचितासोबत मोटारीने इशिकावा प्रांतातून जाणाऱ्या होकुरिकू महामार्गावरून चालले होते. त्यांच्या मोटारीची पुढच्या वाहनाला धडक बसली. काय नुकसान झाले हे पाहण्यासाठी योकोई खाली उतरले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीने त्यांना उडविले. रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. ते ५६ वर्षांचे होते.

त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुरे केले. ४ मार्च १९९९ रोजी ‘वंडरस्वान’ ४,८०० येनला बाजारात आला. त्यासोबतच्या एका कोडेवजा खेळाला त्यांच्या स्मरणार्थ ‘गुनपे’ हे नाव देण्यात आले. गेमबॉयचे साम्राज्य त्याने हलविले नाही, पण जपानमध्ये त्याने आपली जागा निर्माण केली. २००३ मध्ये खेळरचनाकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने योकोई यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला.

आठवण कुणी जपायची?

योकोई यांच्या पश्चात त्यांच्या वस्तूंचे काय झाले, हा त्यांच्या चरित्राचाच पुढचा भाग आहे. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत आढळले, की २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज बाजारात कायदेशीररीत्या विकत मिळत नाहीत. गेमबॉयच्या खेळांबाबत उपलब्धतेचे प्रमाण सहा टक्क्यांहूनही कमी होते. गुण साठविण्यासाठी कॅसेटमध्ये बसविलेले छोटे सेल संपत चालले आहेत. कंपनीचे ३डीएस यंत्रावरील विक्रीदालन मार्च २०२३ मध्ये बंद झाले आणि तेथे मिळणारे जुने खेळही त्यासोबत गेले. ग्रंथालयांना असे खेळ दूरस्थ अभ्यासकांसाठी खुले करू देण्याची मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली.

गेम अँड वॉचचे जतन तर त्याहून कठीण आहे. त्यातील माणसे आणि चेंडू प्रोग्रॅममध्ये नाहीत, काचेवर कोरलेले आहेत. त्यामुळे एम्युलेटरसाठी चिपमधील प्रोग्रॅम वाचावा लागतो, शिवाय पडद्याची काच सुटी करून तिच्यावरील आकृत्या टिपाव्या लागतात. या कामात मूळ खेळ बहुधा कायमचा निकामी होतो. एक नग मोडून त्याची स्मृती राखायची, असा हा व्यवहार आहे. तो करणारे बहुतेक हौशी लोक असून त्यांपैकी अनेकांवर कायद्याची टांगती तलवार असते. निन्टेंडोची भूमिका ठाम आहे: आपल्या खेळांच्या विनापरवाना प्रती म्हणजे चोरी. कंपनीने आपले हक्क सोडावेत असे म्हणता येत नाही. पण जी वस्तू विकत मिळतच नाही, तिची आठवण जपायची कुणी, याचे उत्तर या भूमिकेत सापडत नाही.

तरी निन्टेंडोलाही मागे वळून पाहावे लागले. २०२० मध्ये कंपनीने गेम अँड वॉच नव्या रूपात विक्रीस आणला. तो दुकानांत येण्याआधीच एका तंत्रज्ञाने त्याचे कुलूप उघडून दाखविले. २०२३ मध्ये ‘स्विच’ यंत्राच्या वर्गणीदारांना गेमबॉयचे जुने खेळ देण्यास कंपनीने सुरुवात केली, आणि ते चालतात अर्थातच एम्युलेटरवर. सप्टेंबर २०२५ मध्ये तर व्हर्च्युअल बॉयचे खेळही याच मार्गाने आणण्याची घोषणा झाली. ते जुने अपयश कंपनीने आता स्वतःच्याच मांडणीत ठेवले आहे.

दरम्यान योकोई यांचे ते अधिक चिन्हाचे बटण अस्सल यंत्रांवर आणि बनावट यंत्रांवर सारखेच बसले. आपल्याकडच्या त्या विनापरवाना टीव्ही गेमवर तासन् तास अंगठे झिजविणाऱ्या मुलांनी त्यांना एक पैही दिली नाही आणि त्यांचे नावही ऐकले नव्हते. ती मुले आता स्वतः पालक झाली आहेत. पडद्यापासून नजर न हलवता अंगठ्याने दिशा शोधायची सवय मात्र त्यांच्या हातांत अजून आहे.